परिस्थिती सामान्य आहे

चैत्र २४ गते, गुरुवार

सात पक्षांचा संप आजपासून सुरू. कचेरीत निम्मीसुद्धा माणसं नव्हती. मी चालत गेलो, चालत आलो, टाचेला फोड आला. त्याचं काही नाही. पण माझ्या पत्रकाची जी वाट लावली त्याने डोकं अजून तापलेलं आहे.

मी लिहिलं होतं, 'राजधानीत काही ठिकाणी निदर्शनं झाली.' आमचे सहसचिव ठकुरी यांनी 'निदर्शनं' खोडून 'उपद्रव' केलं, 'काही'चं 'एकदोन' केलं आणि शेवटी स्वतःच्या हाताने जोडलं, 'परिस्थिती सामान्य आहे.' परिस्थिती सामान्य असेल तर पत्रक कशाला काढायचं, एवढंच मी विचारलं.

"रिजालजी, तुम्ही व्याकरण बघा," ते म्हणाले. "परिस्थिती आम्ही बघतो."

बावीस वर्षं मी या सरकारचे मसुदे लिहितो आहे. राजाशिवाय दुसऱ्या कुणाला लावायची नाहीत अशी जी दरबारी क्रियापदं असतात ती बिनचूक लावणारा आमच्या गृहमंत्रालयात मी एकटा उरलो आहे. गेल्या वर्षी माघात महाराजांनी सगळी सत्ता आपल्या हाती घेतली, मंत्री घरी बसवले, देशभराचे फोन बंद केले, तेव्हाही मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. पक्षवाल्यांनी देशाचं वाटोळं केलं हे मी आजही म्हणतो. पण 'उपद्रव' हा शब्द चुकीचाच आहे.

चैत्र २६ गते, शनिवार

सकाळपासून संचारबंदी. दिसताक्षणी गोळी घालण्याचा हुकूम. त्याचंही पत्रक निघालं, ते मी लिहिलेलं नाही, त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत.

खालच्या खोलीत राहणारा आणि तिथेच दुकान चालवणारा शिंपी, रतन परियार, माझा कचेरीत घालायचा नवा दौरा-सुरुवाल, म्हणजे अंगरखा आणि विजार, घेऊन वर आला. नेहमीसारखा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सात वर्षं आमचा भाडेकरू आहे, पण आत पाऊल टाकत नाही. स्वभावच संकोची. जातीचं आम्ही कधी बोललोसुद्धा नाही.

"हाकिमसाहेब, बाह्या आखूड वाटतात का?"

"वाटत नाहीत. आहेत."

"काय करणार. सरकारच आखूड पडायला लागलंय, बाह्या कुठून पुरणार."

त्याला म्हटलं, तोंड सांभाळ, भिंतीला कान असतात. तर म्हणतो, "भिंत तुमची, कानही तुमचेच. मी भाडेकरू." आणि हसत जिना उतरला. या माणसाला कशाचंच गांभीर्य नाही. बाह्या मात्र संध्याकाळपर्यंत नीट करून दिल्या.

चैत्र २९ गते, मंगळवार

कचेरीची गाडी न्यायला येते, आणून सोडते. काचेवर पास चिकटवलेला. शहराला वळसा घालणाऱ्या चक्रपथावर जागोजाग टायर जळताहेत. आमच्या बाफलच्या गल्लीत परवा पोलीस शिरले, लोकांना घरातून ओढून मारलं. वरच्या अंगाला राहणाऱ्या निवृत्त मास्तरांचा हात मोडला. ते निदर्शक नव्हते, उपद्रवीही नव्हते. ते आंघोळ करत होते.

हे मी ठकुरींना सांगितलं. ते म्हणाले, मास्तरांनी दार लवकर उघडायला हवं होतं.

वैशाख १ गते, संवत २०६३, शुक्रवार

नवं वर्ष. महाराजांचा संदेश आला. दरबारी भाषा निर्दोष, मजकूर नेहमीचा. घरात गोडधोड काही नाही. साखर संपली, मीठ संपत आलंय, रॉकेल नाही. आणि काल ठकुरींच्या बंगल्यावर सरकारी गाडीतून गॅसची दोन सिलिंडरं आणि भाजीच्या करंड्या उतरताना मी स्वतः पाहिल्या. त्याच गाडीतून मी पुढे कचेरीला गेलो. बटाट्याची माती माझ्या नव्या सुरुवालाला लागली.

तुळसाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, घसा साफ बसला आहे. संचारबंदी जरा उठली की ती कालीमाटीला बहिणीकडे जाते, तिथे भागवत सप्ताह चालू आहे. म्हटलं, एवढं मोठ्याने कशाला गाता? तर म्हणाली, देवाला ऐकू जायला नको का. तिच्या पदराला धुराचा वास येत होता. आजकाल होमात काय जाळतात कोण जाणे, रबर जळल्यासारखा वास होता. धर्मसुद्धा भेसळीचा झाला.

वैशाख ४ गते, सोमवार

सृजनाशी वाद. कॉलेज बंद, मुलगी घरात बसून काय करणार, डोकं चालवते.

"बा, रेडिओवर तुमचं पत्रक ऐकलं. पाचशे माणसं होती म्हणे."

"पोलिसांचा आकडा आहे."

"पाचशे तर नुसत्या आमच्या..." आणि थांबली.

"आमच्या काय?"

"आमच्या मैत्रिणी सांगत होत्या, जास्त होती."

ऐकीव गोष्टी बोलू नयेत हे मी तिला लहानपणापासून शिकवलं. तिने मान खाली घातली. तुळसा तांदूळ निवडत होती. तिच्या तोंडावर हसू होतं की काय, मला नीट दिसलं नाही.

आकडा मात्र पोलिसांनी दिला नव्हता. ठकुरींनी दिला होता. मी दोन हजार लिहिले होते आणि तेही मी भीतभीतच लिहिले होते.

वैशाख ७ गते, गुरुवार

कचेरीच्या गच्चीवरून पश्चिमेला धूर दिसत होता. चक्रपथ माणसांनी भरून वाहतोय असं शिपाई सांगत होते. शहराबाहेरून, थानकोटकडून, गावंच्या गावं चालत आली आहेत. दुपारी गोळ्यांचे आवाज आले. आधी एकेक, मग बराच वेळ सलग. आमच्या मजल्यावर कुणी कुणाकडे पाहिलं नाही. टाइप करणाऱ्या नानीमैयाने यंत्र थांबवलं. ठकुरींनी खिडकी लावून घेतली.

घरी आलो तेव्हा रतनची बायको मैना जिन्याच्या पायरीवर बसली होती. रतन सकाळी बाहेर पडला तो परतला नव्हता. मी तिला समजावलं, धागा-अस्तर आणायला गेला असेल, वाटेत अडकला असेल, रस्ते बंद आहेत.

तुळसा घरात होती, तिच्या डोळ्यांची आग होत होती. सृजना तिच्या डोळ्यांवर ओला कपडा धरून बसली होती. मी म्हटलं, कांदे कुठून मिळाले?

सृजनाने कपडा पुन्हा पाण्यात बुडवला.

वैशाख ८ गते, शुक्रवार

हे रागाने लिहितो आहे. भीतीने नाही.

सकाळी ठकुरींनी बोलावलं. समोर एक कागद सरकवला. पोलिसांकडून आलेला मजकूर होता, त्याचं शुद्ध भाषेत पत्रक करायचं होतं. मी वाचलं. 'संचारबंदी मोडून सुरक्षादलावर हल्ला करणारा एक सशस्त्र घुसखोर, रतन परियार, राहणार बाफल, प्रत्युत्तराच्या कारवाईत ठार झाला.'

पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

"साहेब, हा माझा भाडेकरू आहे."

ठकुरींनी चष्म्यावरून पाहिलं. "मग हे तुम्ही आधीच कळवायला हवं होतं."

"काय कळवायला हवं होतं? तो शिंपी आहे. माझे कपडे तोच शिवतो. आत्ता अंगावर आहेत ते त्यानेच शिवलेत."

"शस्त्र सापडलंय त्याच्याकडे."

"कसलं शस्त्र?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. "कात्री. खिशात होती."

"साहेब, शिंप्याच्या खिशात कात्री असते."

"असते ना. आणि धारदार असते. मी कुठे नाही म्हणतो."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थट्टा करत असतील असं वाटलं. ते थट्टा करत नव्हते. घाई होती त्यांना, दुपारच्या बातम्यांत जायला हवं होतं. बावीस वर्षांत मी या माणसासारख्या किती माणसांची वाक्यं सरळ करून दिली असतील.

मी पेनला टोपण लावलं. "हे वाक्य मी लिहिणार नाही."

"व्याकरणाची अडचण आहे का?"

"हो. कर्ता चुकलाय. हल्ला करणारा तो नाही. आणि 'ठार झाला' असं आपोआप कुणी होत नाही."

"रिजालजी," ते अगदी शांतपणे म्हणाले, "सृजना नाव ना तुमच्या मुलीचं? कीर्तिपूरच्या कॉलेजात? घरी जा. दोन दिवस विश्रांती घ्या. पत्रक काय, कोणीही लिहील."

त्या 'कोणीही'ने लिहिलंच. गाडी मिळाली नाही. बंद रस्त्यांवरून, दोन ठिकाणी ओळखपत्र दाखवून, चालत घरी आलो. वाटेत एका पोरगेल्या शिपायाने माझ्या छातीवर बंदूक रोखली आणि दौऱ्याकडे बघून म्हणाला, 'सरकारी माणूस आहे, जाऊ दे.' रतनने शिवलेल्या कपड्यांनी मला वाचवलं आणि त्याची कात्री त्याच्या जिवावर उठली. कुणावर ओरडावं हे कळेना.

मैनाला मीच सांगितलं. पायरीवरच. ती उठली, आत गेली, शिलाईयंत्रावर झाकण घातलं आणि मग खाली बसली. तुळसा तिच्याजवळ गेली.

मी म्हटलं, "बिचारा. धागा आणायला गेला आणि..."

"धागा आणायला नव्हता गेला," तुळसा म्हणाली. "मोर्च्याला गेला होता. माझ्या दोन हात पुढे होता."

"तू सप्ताहाला होतीस."

"अहो सृजनाचे बा, दोन आठवडे चालणारा सप्ताह कधी ऐकलाय?"

सृजना दारात उभी होती. म्हणजे तीही. बसलेला घसा, जळलेलं रबर, लाल डोळे, सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी मिठाच्या टंचाईवर लिहीत बसलो होतो. मला राग आला. विचारलं, मला सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?" तुळसा म्हणाली. "आमची संख्या कमी करून लिहिली असतीत."

दुपारच्या बातम्यांत ते वाक्य वाचलं गेलं. 'सशस्त्र घुसखोर.' मैनाने ऐकलं. आमच्या गल्लीने ऐकलं. संध्याकाळी महाराजांनी जनतेला सत्ता परत दिल्याचं सांगितलं, पंतप्रधानाचं नाव सुचवा म्हणाले. तुळसाने ते अर्ध्यावर बंद केलं. प्रेत कुठे आहे हे कुणी सांगत नाही. ठाण्यावर गेलो तर म्हणाले, संचारबंदीत घराबाहेर कसे आलात?

वैशाख १२ गते, मंगळवार

आज सुटलो. क्रमाने लिहितो.

शनिवारची सुट्टी संपली, रविवारी मी कचेरीत गेलो. प्रेत मिळावं असा हुकूम ठकुरींकडून काढून घ्यायचा, एवढाच माझा विचार होता. अंगणात नानीमैया आणि आमच्या मजल्यावरचे पंधरा-वीस जण उन्हात उभे होते. नानीमैयाच्या हातात पुठ्ठा, त्यावर लिहिलेलं, 'आम्ही देशाचे नोकर, दरबाराचे नाही.' 'दरबाराचे' मधला 'चे' तिने विसरून मग वर घातला होता. मला जिन्याकडे जायला त्यांच्यामधूनच वाट होती.

"रिजालसर, बाजूने जा," ती म्हणाली. "नाहीतर तुमचंही नाव येईल."

खरं तर मी बाजूनेच जाणार होतो. पण वरच्या खिडकीत ठकुरी उभे दिसले, चहाचा पेला हातात घेतलेले, आणि माझी पावलं तिथेच थांबली. मी त्यांच्यात उभा राहिलो. घोषणा दिली नाही. माझा आवाज तसा नाही. थोड्या वेळाने पोलिसांच्या गाड्या आल्या. आमच्याच मंत्रालयाच्या गाड्या.

पोलिसांच्या एका गोदामात कोंडलं. जमिनीवर झोपलो, पातळ डाळ प्यायलो. एका हवालदाराने म्हाताऱ्या ब्राह्मणाला मारतात ती हाक मारून मला विचारलं, "बाजे, तुम्ही या वयात?" मी म्हटलं, याच वयात. तिथे मी पहिल्यांदा घोषणा दिली. नानीमैया हसली, म्हणाली, सर, घोषणेत पूर्णविराम नसतो.

काल महाराजांनी विसर्जित संसद परत बोलावली. पहाटे पहारेकऱ्यांनीच सांगितलं आणि कुलूप काढलं. बाहेर पडलो तर रस्ते माणसांनी भरलेले आणि अबिराच्या गुलालाने लाल. ज्या शिपायांनी काल लाठ्या चालवल्या त्यांच्या कपाळावरही अबीर. अनोळखी बायका माझ्या गळ्यात माळा घालत होत्या. मला आनंद झाला. खोटं का लिहू, मी रस्त्यात रडलो.

घरी आलो तर गल्लीत तिरडी. आज सकाळीच प्रेत दिलं होतं. खांदा द्यायला मी पुढे झालो. रतनच्या धाकट्या भावाने हात आडवा केला.

"राहू द्या बाजे. आमचे आम्ही नेऊ."

"अरे, सात वर्षं तो माझ्या घरात..."

"घरात नाही," तो म्हणाला. "घराखाली."

मी मागून चालत गेलो. विष्णुमती नदीच्या काठावर विजयाच्या मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते.

वैशाख १४ गते, गुरुवार

कचेरीत गेलो. ठकुरी खुर्चीत होते. त्यांच्या कपाळावरही अबीर. कुठून लावून घेतला विचारायला हवं होतं.

"या, या रिजालजी. तुमच्यासारख्या लोकांमुळे हा दिवस दिसला. नव्या सरकारसाठी एक चांगलं पत्रक हवंय. 'जनतेचा ऐतिहासिक विजय', असं काहीतरी तुमच्या शैलीत."

"आधी एक जुनं दुरुस्त करायचंय," मी म्हटलं. "रतन परियारचं."

"ते जुन्या सरकारचं पत्रक. त्याची दुरुस्ती नवं सरकार कशी करणार?"

"मग जुन्या सरकारने करावी."

"ते आता अस्तित्वात नाही."

"साहेब, तुम्ही आहात ना. तेव्हाही होतात, आताही आहात."

ते हसले. म्हणाले, थोडं स्थिरस्थावर होऊ द्या, एकेका शिंप्यासाठी मंत्रालयाने खुलासे काढायचे म्हटलं तर काम कधी करायचं. मेजावर महाराजांचा फोटो अजून होता, फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. म्हणजे परिस्थिती बदलली तर परत फिरवता येईल.

पत्रक लिहिलं नाही. रजेचा अर्ज दिला आणि निघालो.

मैना दुकानात बसली होती. गल्लीतली एक बाई तिच्याकडे ब्लाउज परत न्यायला आली होती, अर्धवट शिवलेला. 'नको बाई, पोलिसांची भानगड,' म्हणून घेऊन गेली. राजाची सत्ता गेली तरी ते वाक्य गेलं नाही. ते अजून आमच्या गल्लीत फिरतंय, आणि ते ज्या भाषेत फिरतंय ती मी घडवलेली आहे.

वैशाख १५ गते, शुक्रवार

चौकात आज विजयसभा होती. एका ट्रकवर मंच, पक्षांचे झेंडे, कर्णे. पंधरा दिवस कुठे दिसले नव्हते ते पुढारी सगळे हजर. एकेक जण बलिदानावर बोलत होता. रतनचं नाव कुणी घेतलं नाही. एकाने 'एक अज्ञात वीर' म्हटलं. बाफलच्या चौकात उभा राहून. त्या चौकापासून चार पावलांवर ज्याचं दुकान आहे त्याला अज्ञात म्हटलं.

मागे उभ्या उभ्या मी तुळसाला म्हटलं, मला वर जायचंय.

"काय बोलणार?"

"वाचणार. लिहून आणलंय."

तिने पाहिलं माझ्याकडे, मग पुढच्या बायकांना कोपराने सरकवत माझ्यासाठी वाट केली. या कामात ती तरबेज झाली आहे. ट्रकवर एक पुढारी मला अडवायला लागला तर सृजना त्याला म्हणाली, "काका, यांनी तुरुंग बघितलाय. तुम्ही कुठे होतात?" तो बाजूला झाला.

कर्णा हातात घेतला. मी वाचलं.

"वैशाख आठ गते प्रसारित झालेल्या सरकारी पत्रकात गंभीर चूक आहे. बाफल येथील रतन परियार हा सशस्त्र घुसखोर नव्हता. तो शिंपी होता. त्याच्या खिशात..."

"बाजे."

पुढच्या रांगेत मैना उभी राहिली होती. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माणसं गप्प झाली.

"तो नाही," ती म्हणाली. "ते. ते शिंपी होते म्हणा."

सगळा चौक माझ्याकडे बघत होता. सकाळी तीनदा तपासलेला कागद माझ्या हातात होता, त्यात मला एकही चूक सापडली नव्हती. शेजारचा पुढारी कुजबुजला, पुढे चला, वेळ नाही. रतनचा भाऊ मैनाच्या मागे उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, आपल्या वहिनीकडे बघत होता.

मी पुढे गेलो नाही. कागद खिशात ठेवला आणि न बघता पहिल्यापासून म्हटलं.

"बाफल येथील रतन परियार हे सशस्त्र घुसखोर नव्हते. ते शिंपी होते. त्यांच्या खिशात कात्री होती, कारण ते शिंपी होते. वैशाख सात गते दुपारी ते लोकतंत्र मागायला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते. सरकारने त्यांना गोळी घातली. सरकारने घातली. त्यानंतर सरकार त्यांच्याबद्दल खोटं बोललं. ही दुरुस्ती सरकारने केलेली नाही. ती मी, होमनाथ रिजाल, करतो आहे. त्यांच्या पत्नी, मैना परियार, इथे उभ्या आहेत."

मैना मान हलवून खाली बसल्या.